बॅटरी थोड्याच वेळात येत आहे

जिंतूरला मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक दिसायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज जिन्याच्या वर टांगलेल्या कर्ण्यातून येत होता.

“खोली पाहण्यासाठी आलेल्या मॅडमनी कृपया लक्ष द्यावे. आपली खोली फलाट क्रमांक चार, म्हणजे वरच्या मजल्यावर आहे. जिन्याची तिसरी पायरी हलते. तिच्यावर पाय देऊ नये.”

मी दचकून नेमका तिसऱ्याच पायरीवर पाय दिला.

कर्ण्यातून एक मोठा सुस्कारा आला. मग लेंगा-बनियनातले एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले आणि अगदी निराळ्याच आवाजात म्हणाले, “घाबरलाव का? या, या. सवय हाय हो. सारी नोकरी स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली.”

ते एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक होते. गल्ली त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायची, मी काका म्हणू लागले. स्टँडवर नवी यंत्रणा आली तेव्हा जुना माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णा भंगारात निघाला होता. काकांनी तो लिलावात घेतला आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणला. बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक छोटं टेबल होतं, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर तो माईक. घरातली प्रत्येक खोली म्हणजे एक फलाट. बैठक एक, स्वयंपाकघर दोन, त्यांची झोपायची खोली तीन. न्हाणीघराला त्यांनी ‘विनंती थांबा’ असं नाव दिलं होतं.

माईकसमोर काका छापील मराठी बोलत. माईक सोडला की जिंतूरचं बोलत. “अय, चहा ठेव की जरा,” असं काकूंना ओरडून सांगण्याऐवजी ते उठत, माईकचं बटण दाबत, घसा साफ करत आणि सांगत, “फलाट क्रमांक दोनवरील सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. चहा अद्याप आलेला नाही.” स्वयंपाकघर तिथून हाताच्या अंतरावर होतं.

“आमच्या घरात दोनच आवाज हायत,” काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “एक त्या कर्ण्याचा आन् एक माझा. कर्ण्याचा लाइट गेल्यावर बंद पडतो.”

काकू बुटक्या, गोल, चपळ. त्यांचा घरगुती कुल्फीचा धंदा होता. मागच्या पडवीत एक पांढरा डीप फ्रीजर होता, आणि त्यावर त्यांची जेवढी माया होती तेवढी काकांवर आहे का, अशी शंका गल्लीत उघड बोलली जायची. काकू दूध आटवायला बसल्या की वास माझ्या खोलीपर्यंत चढायचा. मी कॉलेजात भूगोल शिकवायचे, आणि कुल्फीच्या दिवशी माझ्या वह्या तपासायच्या राहायच्या.

काकांचं एक तत्त्व होतं. कुठल्याही गोष्टीची वेळ सांगायची नाही. “वेळ सांगितली की माणूस घड्याळाकडं बगतंय,” त्यांनी मला एकदा समजावलं. “थोड्याच वेळात म्हणलं की माणूस रस्त्याकडं बगतंय. रस्त्याकडं बगणारं माणूस भांडत न्हाई, मॅडम.” त्यामुळे त्यांच्या घरी सगळंच थोड्याच वेळात व्हायचं. माझा नळ थोड्याच वेळात दुरुस्त होणार होता. ती तिसरी पायरी थोड्याच वेळात पक्की होणार होती. मी राहायला गेले तेव्हा आणि ती खोली सोडली तेव्हाही.

एकाच बाबतीत त्यांनी घाई केली होती. मी राहायला आले त्याच उन्हाळ्यात छतावर सोलर बसवून घेतलं. ती पॅनेलं माझ्या खोलीवर सावली धरायची, म्हणून मला ती फार आवडायची. काकांना ती आवडायची कारण त्यांना वाटे, आता लाइट गेली तरी आपल्याकडे जाणार नाही.

सोलर सुरू झालं त्या दिवशी त्यांनी सगळी गल्ली बोलावली. भर दुपार, मे महिना, डोक्यावर ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. काकांनी माईकवरून जाहीर केलं, “आजपासून या घराचा वीजपुरवठा थेट सूर्यावरून होईल.” टाळ्या पडल्या. पंखे फिरत होते, काकू सगळ्यांना सरबत देत होत्या. आणि लाइट गेली.

गल्लीतली गेली, आणि काकांच्या घरातलीही गेली.

काका छतावर पळाले. मागोमाग आम्ही. पॅनेलं उन्हात लखलखत होती. काकांनी वर सूर्याकडे बोट दाखवलं, खाली पॅनेलांकडे दाखवलं. शेवटी म्हणाले, “गाडी हाय. डिझेल हाय. डायवर हाय. आन् गाडी हलंना!”

सोलर बसवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, तसंच असतं. मेन लाइन गेली की हे सोलर आपणहून बंद होतं. नाही तर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल, आणि खांबावर चढलेला लाइनमन मरेल. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी लागते, आणि तिच्याबरोबर वेगळा इन्व्हर्टर.

काकांनी फोन खिशात टाकला. म्हणाले, “लाइनमनच्या जिवासाठी असंल तर बरोबर हाय. त्याबद्दल तक्रार न्हाई.” आणि काकूंकडे वळून, “बॅटरी घेऊ. थोड्याच वेळात.”

इथून त्या बॅटरीची गोष्ट सुरू झाली.

तसं पाहिलं तर शेजारी इन्व्हर्टरची साधी बॅटरी होती, पाणी घालावं लागणारी. काका ती बघून आले. “तिला म्हईन्याला पाणी पाजायचं, वास सोडती, आन् चार वर्षांत म्हातारी व्हती,” असा त्यांनी निकाल दिला. मग कुणी तरी लिथियमचं सांगितलं. पाणी नाही, वास नाही, आकाराने लहान, आणि सहा हजार सायकल चालते.

“सहा हजार सायकली?” काकू म्हणाल्या. “ठेवायच्या कुठं?”

“सायकल म्हंजी भरायची आन् रिकामी करायची. एक फेरी.”

“मग फेरी म्हणा की.”

काकांना ही भाषा एकदम पटली. सहा हजार फेऱ्या म्हणजे मोठीच गाडी. त्या दिवसापासून लिथियमच घ्यायची हे ठरलं. मात्र कोणती, केवढी आणि कधी, हे ठरायला दोन उन्हाळे गेले.

पुढच्या उन्हाळ्यातली जयंती मला चांगली आठवते. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक गल्लीतून जायची, आणि गल्लीच्या वतीने सगळ्यांना कुल्फी द्यायचा मान काकूंचा होता. त्या चार दिवस आधीपासून दूध आटवत होत्या. फ्रीजर काठोकाठ भरला होता. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी लाइट गेली ती आलीच नाही. दुपारी मिरवणूक दारात आली, ढोल थांबले, सगळे आनंदाने पुढे सरसावले, आणि काकूंनी झाकण उघडलं तर आत नुसत्या काड्या पोहत होत्या.

काकूंनी क्षणभर डोळे मिटले. मग पदर खोचला आणि ते सगळं पातेल्यात ओतून ग्लासांनी वाटलं. “मसाला दूध हाय,” त्या प्रत्येकाला सांगत होत्या. एका पोराने ग्लासातून कुल्फीची काडी बाहेर काढून विचारलं, “आजी, हे काय?” काकू म्हणाल्या, “ढवळायला दिलीय.”

सगळे गेल्यावर त्या काकांसमोर उभ्या राहिल्या. “बॅटरी कवा आणायलाव?”

काकांनी सवयीने तोंड उघडलं.

“तो शब्द काढू नका,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर विक्रेते यायला लागले. काकांनी ठरवलं होतं की बॅटरी पॅनेलांजवळच पाहिजे, छतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आणि विक्रेत्याची परीक्षा घ्यायची त्यांची एक पद्धत होती. पहिला आला तो टाय लावून, लॅपटॉप घेऊन, मे महिन्यात, दुपारची जेवणं झाल्यावर. त्याने बॅटरीच्या गुणांचं लांबलचक वर्णन केलं. कुठलंही हवामान तिला चालतं, म्हणाला.

“लय चांगलं,” काका म्हणाले. “चला, जागा दाखवतो.”

त्यांनी त्याला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, एक लोखंडी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, “बसा.”

“हितं?”

“तुमची बॅटरी दहा वर्षं बसणार हाय. तुमी तासभर बसा.”

तो बिचारा बसला. लोखंडी खुर्ची तापलेली होती, त्यामुळे बसला तसाच उठला. पुन्हा बसला. काका दारात उभे राहून प्रेमाने विचारपूस करत होते, कसं वाटायलंय, चक्कर येयलीय का, वॉरंटी अजून चालू हाय का. थोड्या वेळाने टाय हातात घेऊन तो जिना उतरला तेव्हा काकूंनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि एक कुल्फी. लॅपटॉप न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला.

दुसरा विक्रेता बहुधा पहिल्याकडून ऐकून आला होता. त्याने छत्री आणि ओला टॉवेल सोबत आणला. काका म्हणाले, “बॅटरीला छत्री देणार हाव का?” तो नाही म्हणाला. “मग तुमीबी मिटा.” तिसऱ्याने सांगितलं, आधी सही करा मग बसतो. चौथा बसला, तासभर बसला, आणि काकांना शंका आली. “एवढं ऊन सोसणारं माणूस खरं बोलत नसतंय,” ते मला म्हणाले, आणि त्यालाही परत पाठवलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि परीक्षा बंद पडल्या. मी दिवाळीत विचारलं, “काका, आता गार आहे, आता का नाही बोलवत कुणाला?”

“हिवाळ्यात कुणीबी बसंल, मॅडम. त्याला परीक्षा म्हणत न्हाईत. उन्हाळा येऊ द्या.”

“मग उन्हाळ्यात लाइट गेली तर?”

“म्हणून तर बॅटरी घ्यायचीय.”

मी एमए आहे. मी वर जाऊन वह्या तपासायला घेतल्या.

हिवाळाभर ते रिकामे मात्र बसले नाहीत. त्यांनी सराव सुरू केला. रात्री जेवणं आटोपली की काका मेन स्विच बंद करत, बॅटरी आलीच आहे असं समजून गाडी सुरू होते तसा खोकल्यासारखा आवाज काढत आणि, कर्णा बंद असल्यामुळे, दोन्ही हातांचा द्रोण करून ओरडत, “प्रवाशांनी घाई करू नये! फक्त आरक्षण असलेल्यांनीच बसावे!” कुणाला किती वीज हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला एक पंखा, एक दिवा आणि मोबाइल. माझी पाणी तापवायची बादलीतली कांडी ‘अवजड सामान’ म्हणून टपावर, म्हणजे कधीच नाही. काकूंना स्वयंपाकघरातला दिवा. टीव्ही उभ्याने, म्हणजे जागा उरली तर. बसमध्ये दाराजवळ आमदारांसाठी राखीव सीट असते ना, ती पहिली सीट त्यांनी माईकला आणि कर्ण्याला दिली होती.

“आन् माझा फ्रीजर?” काकूंनी अंधारात विचारलं.

“तो मालवाहतुकीत मोडतो.”

अंधारातच एक पातेलं पडल्याचा आवाज आला. पडलं की टाकलं, ते कळलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर दारात एक छोटा टेम्पो उभा. चौघे जण डीप फ्रीजर त्यात चढवत होते, आणि काकू त्यांच्यामागे “हळू, हळू, त्याला लागंल” म्हणत फिरत होत्या. चुडाव्याला त्यांची धाकटी बहीण राहायची, स्टेशनजवळ. “तितं रेल्वे स्टेशन हाय,” काकू मला म्हणाल्या. “स्टेशन हाय तितं लाइट जात नसती.” रेल्वेच्या आणि घरच्या लाइटचा काही संबंध नसतो, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी गिळलं.

काका बैठकीत माईकसमोर बसले होते. बटण दाबलं. गल्लीभर नुसती खरखर ऐकू आली. बटण बंद केलं.

“यंदाच्या जयंतीला कुल्फी तितूनच येईल,” काकू टेम्पोत बसताना म्हणाल्या. “तुमी बसा उन्हाळ्याची वाट बगत.”

पुढचे काही दिवस घर फार शांत होतं. काका स्वतःच चहा करत आणि कुणालाच जाहीर करत नसत. एकदा मी खाली आले तर ते पडवीत, फ्रीजर होता त्या रिकाम्या चौकोनात खुर्ची टाकून बसले होते. फरशीचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा पांढरा दिसत होता.

“हितं गार लागतंय,” ते म्हणाले. तिथे काहीच गार नव्हतं.

त्याच आठवड्यात परभणीहून ती मुलगी आली. इंजिनिअर होती, स्कुटीवर आली, तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक. काकांनी तिला पाणी दिलं, वर नेलं, शेड दाखवली, खुर्ची सरकवली आणि म्हणाले, “बसा.”

तिने आत हात घालून पत्र्याखालची हवा पाहिली आणि हात काढून घेतला. “मी न्हाई बसणार, काका. माझी बॅटरीबी न्हाई बसणार. ह्या भट्टीत कुठलीच लिथियम ठेवायची नसती. खाली सावलीत जागा दाखवा, न्हाई तर मी चालले.”

काकांनी खुर्ची परत भिंतीला सरकवली. मग त्यांनी जिन्यातून खाली वाकून, कर्ण्याशिवायच, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “पास!”

खाली येऊन ती जिन्याखालच्या कोनाड्यासमोर बसली. चपलांची जागा, हवेशीर, ऊन कधीच नाही. तिथेच बसवू म्हणाली. जुनं सोलर तसंच राहील, पॅनेलं बदलायची गरज नाही. फक्त इन्व्हर्टर बदलून हायब्रिड घालू. मग लाइट गेली की तो आपणच घर बाहेरच्या तारेपासून तोडेल, लाइनमनला धोका नाही, आणि दिवसा उन्हावर बॅटरी भरत राहील.

“आता सांगा, लाइट गेल्यावर एका वेळेला काय-काय चालवायचं? आन् किती तास?”

काका खूश झाले. “गाडीत बसणार किती ते येगळं, आन् टाकीतल्या डिझेलवर जाणार कुठवर ते येगळं.”

“बरोबर. दोन्ही सांगा, मग मी बॅटरी सांगते. लोक एकच इचारतात आन् फसतात.”

काकांनी मान ताठ करून सगळं आरक्षण तोंडपाठ म्हणून दाखवलं. पंखे, दिवे, मॅडमचा मोबाइल, माईक, कर्णा. ती ऐकत ऐकत पडवीपर्यंत गेली आणि त्या पांढऱ्या चौकोनापाशी थांबली. “हितं काय होतं?”

“डीप फ्रीजर.”

“कुठंय?”

“चुडाव्याला गेलाय,” काका म्हणाले.

तिने तो चौकोन पावलांनी मोजला. “परत येणार हाय का? कारण तो असंल तर सगळं गणित बदलतंय. तो सुरू होताना एकदम दणका देतो.”

“दाराशी ढकलाढकली करणारा प्रवासी.”

“तसंच. आन् दिवसभर खातोबी. तो येणार का न्हाई, हे कळल्याशिवाय मला बॅटरीचा आकार ठरवता येत न्हाई.”

ती गेल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, रविवारी रिकाम्या हाव का? जरा तांत्रिक कामासाठी चुडाव्याला जावं लागंल.”

काकांबरोबर प्रवास करू नये, हे मला त्या रविवारी कळलं. परभणीहून चुडाव्याला सरळ रेल्वे जाते. काकांनी उभ्या आयुष्यात रेल्वेचं तिकीट काढलेलं नव्हतं आणि काढणार नव्हते. काळी-पिवळी जीपमध्ये बसणं तर त्यांच्या लेखी देशद्रोह. आम्ही जिंतूरहून परभणी, परभणीहून पूर्णा एसटीने गेलो आणि पूर्ण्याच्या स्टँडवर चुडाव्याची बस यायची वाट बघत बसलो. समोरून काळी-पिवळीवाले “चुडावा, चुडावा” ओरडत होते. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू यायची आणि काका त्या दिशेला पाठ करत.

“काका, बस कधी येईल?”

“थोड्याच…” ते म्हणाले आणि थांबले. पहिल्यांदाच मला वाटलं की प्रवासी म्हणून तो शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. ते उठले, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. मग खिशातून रुमाल काढून घाम पुसत म्हणाले, “लोक लय सोसत व्हते, न्हाई का?”

बस आली, ती ऊन उतरायला लागल्यावर.

चुडाव्याला बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. काकू पडवीत फ्रीजरवर ओणव्या होत्या. फ्रीजरवर दोन गोधड्या, त्यावर ओली पोती, त्यावर एक घोंगडी, आणि काकू आणखी एक चादर घालत होत्या. आम्हाला बघून त्या झटकन सरळ झाल्या आणि चादर घडी घालत असल्यासारखं करू लागल्या.

“कशाला आलाव?”

“तांत्रिक माहिती पायजे व्हती,” काका दारातूनच म्हणाले. “हा परत येणार हाय का न्हाई? बॅटरीचा आकार ठरवायचाय.”

“फ्रीजर एकटा येत नसतो.”

“मग प्रवासी किती?”

“दोन. एक ह्यो, एक मी.” काकूंनी चादर बाजूला ठेवली. “आन् ह्याला पहिली सीट पायजे. आमदाराची.”

काका दारातून आत आले. “तितं कर्णा बसलाय.”

“उठवा त्याला.”

काका खाली ओट्यावर बसले. बहिणीने पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. त्या कर्ण्याशिवाय काका म्हणजे काय, हे मला त्या वेळी नीट कळत नव्हतं, आणि काकूंना मात्र पुरतं कळत होतं, कारण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि वाट पाहिली.

“उठवतो,” काका म्हणाले.

“कवा? थोड्याच वेळात?”

“आत्ता.” त्यांनी खिशातून फोन काढून तिथूनच त्या मुलीला लावला. “हां, ताई, कंट्रोलर बोलायलोय. फ्रीजर येयलाय. हो, संगट मंडळीबी येयलीय. मोठी बॅटरी धरा. कर्णा काढून टाका. हो हो, वायरच जोडू नका त्याला.”

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्यांनी काकांच्या हातात एक वाटी ठेवली. अर्धी वितळलेली कुल्फी होती. काकांनी ती चमच्याने सगळी खाल्ली आणि वाटीला बोट फिरवलं.

येताना फ्रीजर टेम्पोत, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि काका मागे फ्रीजरला दोन्ही हातांनी धरून. मला जागा होती, पण मी परभणीपर्यंत सरळ रेल्वेने गेले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला.

बॅटरी आली. जिन्याखाली भिंतीला लागून बसली, एका मोठ्या बॅगेएवढी, आवाज नाही, वास नाही. त्या मुलीने मेन स्विच पाडला आणि घरातला एक दिवाही लुकलुकला नाही. आम्ही सगळे लाइट जायची वाट बघत होतो आणि ती जाऊन बसली होती. काका बॅटरीला हात लावून बघत होते, गरम झाली का, परत हात लावत होते. मुलगी म्हणाली, “काका, तिला झोपू द्या की.”

मग जयंती आली. पहाटेपासून गल्लीत निळे झेंडे, पांढरी लुगडी, पोरांच्या गळ्यात शिट्ट्या. लाइट गेली ती दुपारी, ऊन अगदी माथ्यावर असताना. सगळ्या घरांतले पंखे थांबले. काकांकडचे फिरत राहिले. छतावर पॅनेलं तापत होती, जिन्याखाली बॅटरी भरत होती आणि पडवीत फ्रीजर आपला घुमत होता. काका त्याच्याशेजारी स्टुलावर बसून होते. सकाळपासून त्यांनी फ्रीजरचं बटण फिरवून फिरवून पार शेवटच्या आकड्यावर नेलं होतं. “मागल्या साली पाणी झालं, औंदा दगड झाला पायजे,” ते म्हणत होते. काकूंना याचा पत्ता नव्हता.

ढोल जवळ आले. मिरवणूक दारात थांबली. काकूंनी नवं लुगडं सावरत झाकण उघडलं आणि थंड वाफेचा लोट बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाच्या हातात कुल्फी गेली. पहिल्या दोन-तीन जणांनी चावा घेतला आणि गाल धरून उभे राहिले.

कुल्फी खरोखरच दगड झाली होती. दातच लागेना. बायका तिला पदरात गुंडाळून चोळू लागल्या. पोरं ती वर उन्हात धरून उभी राहिली, शेकडो हात वर, प्रत्येकात एक कुल्फी. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले, कारण एका हातात कुल्फी असताना वाजवता येईना. एक म्हातारी काकूंना म्हणाली, “बाई, हिला अढीत घालू का? पिकंल तरी.” मिरवणूक पुढे सरकायचं नाव घेईना. पुढच्या गल्लीतून माणूस बघायला आला, काय झालं म्हणून. त्यालाही एक कुल्फी मिळाली आणि तोही तिथंच थांबला.

“काय केलाव हो फ्रीजरला?” काकूंनी काकांना विचारलं.

“काय न्हाई. चांगली झालीय. लोकांना खाता येत न्हाई.” आणि हे सिद्ध करायला काकांनी एक कुल्फी घेतली, सगळ्यांसमोर तोंड मोठं उघडलं आणि कचकन चावा घेतला.

कुल्फी बाहेर आली तेव्हा काकांची वरची कवळी तिच्यात रुतलेली होती.

काकूच आधी हसल्या, भिंतीला धरून, आणि मग सगळी गल्ली. काका कुल्फी हातात धरून उभे होते. कवळी निघेना. ओढली तर मोडायची, म्हणून तिलाही उन्हात धरणं भाग होतं. त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि ज्या आवाजाने इतकी वर्षं सगळ्या गाड्या सोडल्या त्याच्यातून नुसतं “फाफू फी फॉफवी” असं निघालं.

“काय म्हणायलेत?” पुढच्या बायांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले, काकांकडे एकदा पाहिलं आणि मिरवणुकीकडे वळून मोठ्याने सांगितलं, “म्हणायलेत, पुढच्या जयंतीला शेजारच्या गल्लीलाबी कुल्फी देऊ. त्यासाठी दुसरा फ्रीजर घेऊ, आन् त्याला अजून एक बॅटरी.”

काका जोरजोरात मान हलवायला लागले, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, कुल्फी उंच धरून. लोकांनी तो होकारच समजला. ढोलवाल्यांनी कुल्फ्या दातांत धरल्या आणि ढोल उचलले.